घराण्याची शुगर

सत्यभामाबाईंना शुगर, त्यांच्या आईलाही होती. म्हणून लेक अर्पिताच्या चहात लहानपणापासून साखर पडली नाही आणि सकाळची बांधावरची चक्कर कधी चुकली नाही. "आपल्या रक्तातच हाय थे," बाई बजावायच्या.

नोकरी लागल्यावर अर्पिताने जनुकांची तपासणी करून घेतली. "आई, मले शुगरचा धोका कमी हाय म्हंते. आता तरी साखर टाक."

"असं कसं? माह्या मायले होती, मले हाय, मंग तुलेच काऊन नाही? रिपोर्टच चुकला!"

अर्पिताने हसून वडिलांकडे पाहिलं.

तुळशीराम हळूच म्हणाले, "अवं, जानेफळच्या त्या घरची बीटी कपाशी लाल्या रोगानं गेली, त्या साली आपण तिथूनच हिले दत्तक आणलं ना?"

बाई म्हणाल्या, "हाव की! मी तं भुलूनच गेली होती."