नवऱ्याची सही

सोबत कोण : —

सरकारी दवाखान्याच्या फॉर्मवर नर्सबाईंनी ही रेघ मारली, तशी तिनं पिशवी पोटाशी धरली. पिशवीत कॅलेंडरची फाडलेली पानं होती. त्यांच्या पाठीवर तिनं तीन दुपारी नवऱ्याची सही गिरवली होती. पाळी चुकून पंधरा दिवस झाले होते, धाकटी अजून अंगावर पीत होती, आणि नवरा म्हणाला होता, "होऊ दे की तिसरं. तुला घरी काम तरी काय असतं?" त्याच्या सहीशिवाय गर्भ पाडत नाहीत, असं जाऊबाई म्हणाल्या होत्या.

"कागद घरी नेते, बाई. मालकांची सही घेऊन उद्या येते."

"मालकांची कशाला? वय अठ्ठावीस ना तुमचं? तुमची एकटीची पुरते, कायदाच आहे तसा. आम्ही कुणाला कळवतही नाही. पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून तांबी, इंजेक्शन, ते सगळं डॉक्टरीणबाई समजावतील. करा इथं."

तिनं पेन घेतलं. हात आपोआप पळाला. तिरकी रेघ, गोल वळण, खाली दोन टिंबं.

"ही कुणाची हो, ताई?" नर्सबाईंनी हसू दाबत तो कागद बाजूला केला आणि नवा पुढं सरकवला. "सावकाश. आता तुमची."

पेन कागदावर थांबलं. दहावीच्या हॉलतिकिटानंतर तिनं सहीच केली नव्हती. बँकेतही नवरा अंगठाच लावायला सांगायचा. तेव्हाची सही कशी होती, ते आता आठवेना. मग एकेक अक्षर जोडत तिनं नुसतं नाव लिहिलं.

सही : द्वारका