नेहमीचाच पासवर्ड

नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.

"परत तेच," आप्पा फोनवर म्हणाले. "लाल अक्षरात."

"पुन्हा टाका. सावकाश."

एका बोटाने कळा दाबल्याचे आवाज आले. मग काहीच नाही. मुलाच्या ऑफिसातले सगळे जेवायला गेले होते. त्याचा डबा कीबोर्डशेजारी न उघडता पडला होता.

"नाही उघडत. तू काही बदललंस का रे?"

"ते पान ज्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलंय, तिची नवी आवृत्ती घातली काल. जुनी बंदच होणार होती, आप्पा."

"म्हणजे तूच बदललंस."

"हो, पण तुमच्यासाठी काही नाही बदललं."



इंटरनेटवरचं ते पान साधं होतं. त्याने घरच्यांसाठी बनवलेलं. आप्पांनी रोज सकाळी ते उघडायचं, साखर आणि रक्तदाबाचे आकडे भरायचे. ते त्याला आणि ताईला आपापल्या गावी दिसायचे. दुधाचं भांडं गॅसवर जळून कोळसा झालं, तेव्हा ताईने अट घातली होती: हे पान ज्या दिवशी तुम्हाला स्वतः उघडता येणार नाही, त्या दिवशी एकट्याने राहणं बंद. पासवर्ड कुणी सांगायचा नाही, कुठे लिहायचा नाही. आप्पांनी मान डोलावली होती.

आणि आप्पा रोज उघडत होते. एक दिवस चुकला नाही.

त्याने स्वतःच्या मशीनवरून आप्पांचा पासवर्ड टाकला. लहानपणच्या कुत्र्याचं नाव. घरातल्या प्रत्येकाला तो कुत्रा निदान एकदा तरी चावला होता. म्हणून तर ते नाव निवडलं होतं.

पान उघडलं.

म्हणजे बिघाड तिकडे. मोठी अक्षरं चालू राहिली असतील. कीबोर्डवरचं मराठी-इंग्रजीचं बटण दाबलं गेलं असेल. त्याने एकेक करून सगळं तपासायला लावलं. तो सांगेल ते आप्पा निमूट करत होते, आणि त्याला तेच खटकत होतं. एरवी त्यांनी एव्हाना त्याची अक्कल काढली असती.

नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.

"आप्पा, काय टाकताय ते वाचून दाखवा."

"पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो. तूच शिकवलंस."

"नेहमीचाच टाकताय ना?"

"रोज टाकतो तसाच."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. ऑफिसात कुणी नव्हतं, तरी आवाज खाली आणला. "आप्पा, आपला कुत्रा आठवतो ना? सगळ्यांना चावायचा तो?"

"कुत्रा," आप्पा म्हणाले. आणि मग, अगदी नम्रपणे: "कुठला?"

"थांबा हं. मी करतो फोन."

मग कालपर्यंत ते आत कसे जात होते? त्याने जुनी आवृत्ती बाजूला चालू केली. तिथे कुत्र्याचं नाव टाकलं. उघडलं. एक अक्षर चुकवून टाकलं. उघडलं. कीबोर्डवर नुसता पंजा मारला. उघडलं. चौकट रिकामी सोडली.

तरी उघडलं.

आपलीच ओळ तो वाचत राहिला. पासवर्डांच्या यादीच्या डोक्यावर त्याने कधीतरी जागा धरायला म्हणून एक शून्य ठेवलं होतं. जुन्या आवृत्तीच्या लेखी कुठलाही शब्द म्हणजे शून्यच. काहीही टाका, पहिल्याच घरात जुळायचं. नवी आवृत्ती शब्दाला शून्य मानत नव्हती. नव्या आवृत्तीत काहीच बिघडलेलं नव्हतं. कुलूप आज पहिल्यांदा लागलं होतं, आणि आप्पा बाहेर राहिले होते.

ताईचा फोन आला.

"आज आकडे नाहीत आले."

"माहितेय."

"त्या वृद्धाश्रमातल्या बाई खोली फक्त आजचा दिवस धरून ठेवणार आहेत. मला काही हौस नाही रे. रात्री फोन वाजला की मी उठूनच बसते. एकदाच सांग, चूक तुझ्या त्या मशीनची आहे की आप्पांची?"

समोर पडद्यावर दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. जुनी आणि नवी.

"माझी," तो म्हणाला. "तासाभरात होईल नीट."

"नक्की?"

"माझीच आहे, ताई."

तिने सुस्कारा सोडला. सुटल्याचा की हरल्याचा, त्याला कळलं नाही. "म्हाताऱ्याला उगाच घोर लावलास," म्हणून तिने फोन ठेवला.

मग नव्या आवृत्तीत त्याने एक ओळ लिहिली. आप्पांचं नाव असेल तर शब्द बघू नकोस. आजवर जे नकळत होत होतं, ते आता त्याने हाताने, नीट अक्षर न् अक्षर तपासून लिहिलं. उद्या दुधाचं भांडं जळलं, तर ही ओळ कुणी लिहिली हे शोधायला लागणार नव्हतं.

"आप्पा, टाका आता."

एका बोटाचे आवाज. या खेपेला थोडेच.

"उघडलं," आप्पा म्हणाले.

"छान. भरा आकडे. माझ्याकडून गडबड झाली होती."

आकडे भरल्याचे आवाज येत नव्हते.

"तो शब्द माझ्या डोक्यातून कधीच गेला रे," आप्पा म्हणाले. "पण मी काहीही टाकलं तरी तू आत घेत होतास. मला वाटायचं, पोराला कळलंय, बोलत नाही एवढंच."

त्याने जुन्या आवृत्तीची खिडकी बंद केली.

"आज सकाळी उघडेना, तेव्हा म्हटलं, आता तूही ताईला हो म्हणालास. न्यायचे म्हणून कपडे काढून पलंगावर ठेवलेत. ते परत कपाटात ठेवू ना?"