रेल्वेकडचा गोल

जेसीबी मैदानाच्या मधल्या रेषेपर्यंत आला होता. शोना रँकिन बादली आणि फावडं घेऊन रेल्वेकडच्या गोलात जाऊन उभी राहिली, तेव्हा चालकाने इंजिन बंद केलं.

"बाई, बाजूला व्हा. सोमवारी प्लास्टिकचं गवत येतंय."

"मला एक बादली माती हवी आहे. माझी आई आहे इथे."

चालक शेजारच्या गावचा होता. क्रेगलॉच्या फुटबॉल क्लबची रीत त्यालाही ठाऊक होती. क्लबचं माणूस गेलं की त्याची राख या गोलासमोर टाकायची. तो थर्मास घेऊन खाली उतरला.

"चहा होईतो घ्या. आमच्या गावाने या गोलात एवढे चेंडू मारलेत, तेवढी सवलत तर द्यायलाच हवी."

कुंपणाशी हेक्टर पर्डी उभा होता. हे मैदान त्याने उभं आयुष्य राखलं होतं, आणि आता ते खरवडताना बघायला तो रोज सकाळी येत होता. शोनाला पाहून तो हळूहळू आत आला.

"लॅकलन गेल्याचं कळलं, पोरी. चर्चच्या पायऱ्या आता चढवत नाहीत मला, नाहीतर आलो असतो."

"माहीत आहे, काका. बाबांना इथे आईजवळ यायचं होतं. प्लास्टिकखाली कसं ठेवणार? म्हणून आईलाच नेते. चर्चमागे दोघांना एका खड्ड्यात ठेवीन."

तिने पहिला घाव घातला.

गोलामागच्या भिंतीवर निळ्या रंगात तिच्या वडिलांचं वाक्य होतं. क्लबचा इतिहास त्यांनीच लिहिला होता. खाणकामगारांनी पगारातून पैसे काढून उभा केलेला संघ, एकदाच जिंकलेला चषक, खाण बंद पडल्यावरचे ओस शनिवार, सगळं त्यात होतं. पुस्तक फार कुणी वाचलं नाही. शेवटचं वाक्य मात्र लोकांना आवडलं आणि भिंतीवर गेलं. 'आमची माणसं गोल सोडून जात नाहीत.'

गवताची लादी उचलून तिने बाजूला ठेवली. गवत दाट होतं, हिरवंगार. मुळं मातीला घट्ट धरून होती. बादली अर्धी झाली तेव्हा तिने त्या लादीकडे पुन्हा पाहिलं.

"काका, बाबांच्या राखेचा डबा देताना दहनगृहातला माणूस म्हणाला, झाडाच्या बुंध्याशी टाकू नका, झाड जळतं. इथे तर एवढ्या लोकांची राख आहे. हे गवत कसं टिकलं?"

हेक्टर चालकाकडे बघत राहिला.

"हेक्टरकाका."

"नाही टिकत," तो म्हणाला. "पहिल्या खेपेला जळलंच. टेबलाएवढा पिवळा डाग. आणि गोलकीपर लोळणार तो नेमका तिथेच. आमचा गोलकीपर रेनी एकदा चालू सामन्यात तोंडावरची राख धुवायला पळाला. चेंडू गेला आत."

"मग?"

"मग घरची माणसं फाटकाबाहेर पडली की मी वरची राख काढून घ्यायचो. हलक्या हाताने, पोरी. टोपी काढून. रोलरच्या खोलीमागे नेऊन ठेवायचो."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

"आईची?"

"इसोबेलची मी दोनदा झाडली. वारा होता."

शोनाने खोलीकडे पाहिलं. खोली नव्हती. जेसीबी आत यायला वाट हवी म्हणून सगळ्यात आधी तीच पाडली होती. आता तिथे खडी पसरली होती आणि खडीवर ट्रकच्या चाकांचे वण होते.

"तिथली माती?"

"गेली. नव्या रस्त्याच्या भरावात टाकली म्हणे. लॅकलनला सांगायला निघालो होतो, तर तो हॉस्पिटलात. मग तिथे जाऊन काय सांगू?"

रुळांवरून मालगाडी गेली.

"आधी कधीच सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला?" शोनाचा आवाज चढला नाही. "दर शनिवारी बाबा या खांबामागे उभे राहायचे. तिच्याशी बोलायचे. घरी पोहोचायला उशीर व्हायचा त्यांना."

"एकदा आलो होतो सांगायला. सामना संपला होता, सगळे पबमध्ये गेले होते. हा एकटाच इथे, भिजत. सहा-शून्य हरलो होतो आम्ही त्या दिवशी."

"मग?"

"तो तिला सांगत होता, दोन-एक जिंकलो म्हणून."

चालकाने कप झटकला आणि तो जेसीबीत चढला. इंजिन सुरू झालं.

शोनाने फावडं पुन्हा त्याच खड्ड्यात घातलं. हेक्टरने वाकून बादली तिच्याजवळ सरकवली.