प्रेसची जाळी

फरीदाबादच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनखाली कामगार मुनीलालची चार बोटं गेली. प्रेसला सुरक्षेची जाळीच नव्हती. कारखाना निरीक्षक चेतना पाटणकरने त्याच दिवशी मशीन सील केलं. मालकाने वरून फोन करवले, बदलीची धमकी दिली. ती हटली नाही. ऑफिस सुटलं की ती हॉस्पिटलात जायची. "तुम्ही फक्त खरं सांगा, बाकी मी बघते," म्हणायची. मुनीलाल मान हलवायचा.

मालकाने सीलविरुद्ध केलेल्या अपिलाच्या सुनावणीत मुनीलाल म्हणाला, "जाळी होती, साहेब. मीच काढून ठेवली होती."

सील उघडायचा हुकूम चेतनासमोरच निघाला.

बाहेर तिने त्याला गाठलं. "तुमच्यासाठी भांडत होते मी, मुनीलाल. का केलंत असं?"

"मालक माझ्या जागी माझ्या बायकोला कामावर घेतायत, मॅडम. मशीन सुरू झालं तरच ना."

"त्याच मशीनवर? मग आधी जाळी तरी बसवायला सांगा त्यांना!"

मुनीलालने बँडेज बांधलेला हात पोटाशी धरला.

"आता कुठल्या तोंडाने सांगू, मॅडम? जाळी होती, असं मीच सांगून आलोय."