दहा सेकंदांचं स्पिरिट

जंतूंना जांभळा रंग दिला की स्पिरिट स्लाइडवर दहाच सेकंद ठेवून धुवायचं. वीस वर्षांत लॅबवाल्या ताईंचा हात चुकला नव्हता. परवा मात्र बहीण फोनवर ‘आईला तूच ने’ म्हणाली, भांडण जुंपलं, स्पिरिट जास्त वेळ राहिलं आणि जंतूंचा जांभळा रंग पार उडाला. दुसऱ्या रंगाने ते भलत्याच जातीच्या जंतूंसारखे गुलाबी दिसले, रिपोर्ट चुकीचा गेला आणि वॉर्डातल्या म्हाताऱ्याला भलतंच औषध सुरू झालं. आज त्याच सँपलमधून प्लेटवर वाढवलेल्या जंतूंनी चूक उघडी पाडली. “सँपलच खराब असणार,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पळवाट आयती चालून आली. “सँपल चांगलं होतं, मॅडम. माझं लक्ष नव्हतं.” औषध बदललं, पण म्हाताऱ्याच्या मुलीला सांगायला ताई स्वतः गेल्या. त्यांची जांभळी बोटं पाहून मुलीने बाकावरची पिशवी मांडीवर घेतली. “बसा ना, ताई. आमच्यासाठी किती राबताय.” ताई उभ्याच राहिल्या. “आधी ऐकून घ्या, मग बसा म्हणा.”