काच शाबूत

खाण बंद झाली, तरी वरची आमची घरं खचायची काही थांबेनात. मग खाणीच्या मोजणीसाहेबांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या भेगेवर एक काचेची पट्टी आडवी चिकटवली आणि सासूबाईंना सांगितलं, "आजी, ही काच फुटली तर समजायचं जमीन अजून हलतेय. मग तुम्हाला दुसरीकडे घर."

आठवड्याभरात काच तडकली. मी ऑफिसात जाऊन सांगितलं. साहेब आले, फुटकी पट्टी उचकटून खिशात टाकली, नवी चिकटवली, तिचा फोटो काढला आणि वहीत लिहिलं, 'काच शाबूत'. महिन्यामागून महिने हेच चाललं. शेवटी सासूबाई फणकारल्या, "अहो, सारखी काच कसली बदलताय? भिंतीकडे बघा की जरा!"

"आजी, आमच्या फॉर्मात भिंतीचा रकानाच नाही," म्हणत हा माणूस दात काढून हसला. वर आमचाच चहा ढोसला.

परवाही तो सकाळी नवी पट्टी लावून गेला. तिचं सिमेंट वाळायच्या आत, दुपारी, अख्खी भिंत सासूबाईंच्या अंगावर आली.

आम्ही हातांनी विटा उपसत होतो. साहेब धावत आले आणि ढिगाऱ्यात गुडघे टेकून भराभरा माती बाजूला करू लागले. मला वाटलं, चला, पाझर फुटला एकदाचा.

 

त्यांनी काचेची पट्टी अलगद बाहेर काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि मोबाईल समोर धरत म्हणाले, "बघा, शाबूत आहे!"