विहिरीवरचे काटे

झुंबरबाईने विहिरीच्या तोंडावरची बाभळीची शेवटची फांदी ओढून काढली. बोटं रक्ताळली, तरी तिकडे बघायचंही त्राण तिच्यात नव्हतं. मानमोडीच्या तापाच्या साथीत सहा महिन्यांचा नातू गेला, तेव्हापासून सून यशोदा एक अक्षर बोलली नव्हती. पोरगी एक दिवस विहीर जवळ करणार, असं आळीतल्या बायका म्हणाल्या, म्हणून झुंबरबाईनेच विहिरीवर काटे रचले होते. दोन महिने शेजारच्या मळ्यातून पाणी वाहिलं. रात्री सुनेच्या पदराला आपला पदर बांधून निजली. निजली कसली, नुसती पडली!

काल यशोदाचा भाऊ झुलाल आला. काटे बघून त्याने कपाळावर हात मारला.

"अक्का, तापीकाठनी पोर शे ती! ती काय विहिरमा बुडी? माहेरले डोकं जड व्हयनं का पानीमा उडी मारे, हासत बाहेर ये. तुमी तर तिनं पानीच बंद करी टाकं!"

खरं असेल? झुंबरबाईने रात्रभर विचार केला. त्याचं चुकलं तर सून जायची. आणि नाही ऐकलं, तरी ती गेल्यातच जमा होती.

यशोदा पायऱ्या उतरून पाण्यापाशी उभी राहिली. वळून सासूकडे पाहिलं.

"जाय, माय," झुंबरबाई कशीबशी म्हणाली.

यशोदाने कासोटा आवळला आणि धप्पकन मुटका मारला. पाणी वरून मिटलं. अगं बाई गं, काय करून बसले मी!

मग पार पलीकडच्या दगडाशी डोकं वर आलं. यशोदा हात मारत सुटली. एक फेरी, दोन, दहा. दम लागला तशी उताणी पडून राहिली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. झुंबरबाईने तिला रडू दिलं. रडून झाल्यावर पुन्हा पोहली.

बऱ्याच वेळाने ती निथळत वर आली. गालांवर रंग चढला होता. सासूसमोर थांबली, आज पहिल्यांदाच भेटत असल्यासारखी बघत राहिली, आणि ओला हात तिने सासूच्या खोल गेलेल्या गालाला लावला.

"आत्याबाई," ती म्हणाली, "कितल्या वाळी ग्यात तुमी!"